फाट्यापर्यंत एकच प्रत

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



साठ वर्षांच्या वाटचालीचा आढावा कार्यवाहांनी आत्ताच घेतला. देणगीदारांचे ऋणनिर्देशही झाले. त्यांची पुनरुक्ती न करता मला मिळालेला वेळ मी एका वेगळ्या विषयाला देणार आहे. संगणकांच्या जाळ्यात एकाच वेळी अनेकांना मजकूर पोहोचवण्याची एक पद्धत आहे. तिला मल्टिकास्टिंग म्हणतात. मराठीत मी तिला समूह-प्रेषण म्हणेन. मराठी साहित्यात एम. ए. केलेल्या बाईने या विषयाला हात घालावा, हे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु समोर बसलेल्यांपैकी अनेक जण याच हैदराबाद शहरात, हायटेक सिटीत, हीच कामे करतात. माझे कुठे चुकले तर सभा संपल्यावर त्यांनी खुशाल माझा कान धरावा. ती संधी विद्यार्थ्याला आयुष्यात क्वचित मिळते.

या विषयाशी माझी गाठ पडली ती आपल्या संगणक कक्षामुळे. गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत तेथील ४० संगणकांवर नवी प्रणाली बसवायची होती. तिचा आकार होता २० गिगाबाइट. कक्षातील जाळ्याचा वेग सेकंदाला १०० मेगाबिट. हिशेब केला तर एका संगणकाला ती प्रणाली पाठवायला सुमारे २७ मिनिटे लागतात. चाळीस संगणकांना चाळीस वेळा पाठवायची म्हटले, तर पावणेअठरा तास. आपल्या एका माजी विद्यार्थ्याने मात्र हे काम एका दुपारीच उरकले. मुख्य संगणकाने प्रणालीची एकच प्रत पाठवली. मधल्या स्विचने, म्हणजे तारा जिथे एकत्र येतात त्या पेटीने, तिच्या चाळीस प्रती केल्या आणि चाळीस तारांवर एकदम सोडल्या. पाठवणाऱ्याचे श्रम एका प्रतीचे आणि लाभ चाळिसांना. मला तेव्हा वर्ग आठवला. फळ्यावर आपण एकदाच लिहितो. चाळीस वह्यांत ते चाळीस वेळा उतरते.

जाळ्यात मजकूर पाठवण्याच्या मुख्यतः तीन रीती आहेत. पहिली एकप्रेषणाची: एकाकडून एकाला, जसे पालकाच्या नावाचे पत्र. दुसरी सर्वप्रेषणाची: मैदानावरच्या ध्वनिक्षेपकासारखी. सातवीच्या मुलांना बोलवायचे असले तरी ती घोषणा बालवाडीपासून दहावीपर्यंत सगळ्यांच्या कानी पडते आणि प्रत्येक वर्गाचा धडा क्षणभर थांबतो. संगणकांचेही तसेच होते. सर्वप्रेषित मजकूर आला की जाळ्यातील प्रत्येक संगणकाला हातातले काम सोडून तो आपल्यासाठी आहे का, हे पाहावे लागते. तिसरी रीत समूह-प्रेषणाची: ज्यांना हवे त्यांनाच, पण त्या सर्वांना मिळून एकदाच.

ही तिसरी रीत इंटरनेटला मिळाली ती मुख्यतः स्टीव्ह डीअरिंग या संशोधकामुळे. १९८० च्या दशकात ते अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात डेव्हिड चेरिटन या प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली काम करीत होते. अनेक संगणकांनी मिळून एकच संगणक असल्यासारखे वागावे, अशी एक प्रणाली तेथे घडत होती. एकाच तारेवरील संगणकांना एकदम हाक मारणे सोपे होते. काही संगणक मात्र राउटरच्या पलीकडे, दुसऱ्या जाळ्यात होते. राउटर म्हणजे दोन जाळ्यांच्या वेशीवरचा वाटाड्या. त्या वेशीपलीकडे समूहाची हाक पोहोचवायची कशी, या प्रश्नातून हा विचार वाढला. १९८५ मध्ये दोघांनी त्याचा पहिला आराखडा मांडला, ऑगस्ट १९८९ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले आणि १९९१ मध्ये डीअरिंग यांचा प्रबंध पूर्ण झाला.

त्यांच्या योजनेतील पहिली गंमत पत्त्याची आहे. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो. त्या पत्त्यांपैकी २२४ ते २३९ या आकड्यांनी सुरू होणारे सगळे पत्ते समूहांसाठी राखून ठेवले गेले. असे सुमारे २६ कोटी ८४ लाख पत्ते आहेत. यांतला एकही पत्ता कोणा यंत्राच्या मालकीचा नाही. ‘सातवी अ’ हे जसे कोणा एका मुलाचे नाव नसते, तसेच हे. मुले येतात, वर चढतात, शाळा सोडून जातात. ‘सातवी अ’ राहते. पाठवणारा समूहाच्या पत्त्यावर मजकूर सोडतो. आज त्या समूहात कोण आहे, किती आहेत, कुठे आहेत, याची यादी त्याच्याजवळ नसते आणि त्याला तिची गरजही नसते.

मग ती दखल कोण घेते? ज्याला मजकूर हवा, तो स्वतः. तो आपल्या जवळच्या राउटरला कळवतो, “मला या समूहात घ्या.” राउटर त्याच्या पुढच्या राउटरला सांगतो, तो त्याच्या पुढच्याला, आणि ही विनंती उगमाच्या दिशेने सरकत जाते. जिथे वाहता प्रवाह भेटतो तिथे ती थांबते आणि तिथून एक नवी फांदी फुटते. अशा रीतीने उगमापासून ग्राहकांपर्यंत एक झाड तयार होते. तंत्रज्ञही त्याला वितरण-वृक्षच म्हणतात. खोडातून मजकुराची एकच प्रत वाहते. फाटा आला की तिथे, आणि तिथेच, दुसरी प्रत होते. पुणे, नागपूर आणि अहमदाबाद येथे तीन श्रोते असतील आणि इथून निघणारी वाट मुंबईपर्यंत एकच असेल, तर मुंबईपर्यंत एकच प्रत जाईल.

फाट्याफाट्यावर प्रती काढण्यात एक धोका असतो. वाटा वर्तुळात फिरल्या तर तोच मजकूर पुन्हा त्याच राउटरकडे येईल, पुन्हा त्याच्या प्रती निघतील आणि अफवेसारखा तो वाढतच जाईल. यावरचा उपाय योगेन दलाल आणि रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात सापडतो. योगेन दलाल हे मुंबईच्या आयआयटीचे विद्यार्थी. इंटरनेटच्या पायाभूत नियमांचा १९७४ मधील पहिला तपशीलवार मसुदा लिहिणाऱ्या तिघांपैकी ते एक. उपाय साधा आहे. मजकूर आला की राउटरने विचारायचे: ज्याने हा पाठवला त्याच्याकडे जायची माझी जवळची वाट हीच का? तीच असेल तर मजकूर पुढे पाठवायचा. आडवाटेने आला असेल तर टाकून द्यायचा. मोबाइलवर येणाऱ्या प्रत्येक निरोपाला हा प्रश्न विचारण्याची सवय आपल्याला लागली, तर घराघरांतील कितीतरी गैरसमज टळतील.

आता ज्या भागासाठी मी हा विषय निवडला, त्याकडे वळते.

समूहात एकदा नाव घातले म्हणजे काम संपले, असे नाही. राउटर ठरावीक काळाने, सामान्यतः दर १२५ सेकंदांनी, आपल्या गल्लीत विचारतो, “अजून कोणाला हा प्रवाह हवा आहे का?” उत्तरासाठी दहा सेकंदांची मुदत असते. सगळ्यांनी एकदम ओरडू नये म्हणून प्रत्येक संगणक मनाशी एक वेगळा क्षण ठरवतो. ज्याचा क्षण आधी येतो तो म्हणतो, “मला हवा आहे.” ते ऐकून बाकीचे गप्प बसतात, कारण एकाने सांगितले तरी प्रवाह त्या गल्लीत येतच राहतो. गल्लीत एक श्रोता असो की शंभर, तारेवरचा भार तितकाच.

कोणीच उत्तर दिले नाही तर? राउटर पहिल्याच मौनाने दार लावत नाही. एखादे उत्तर वाटेत हरवले असेल असे धरून तो पुन्हा विचारतो. तरीही शांतता राहिली, तर सुमारे २६० सेकंदांनी तो मानतो की या गल्लीत आता कोणी उरले नाही, आणि प्रवाह थांबवतो. १९९७ मध्ये नियमांत सुधारणा झाली आणि जाणाऱ्याने “मी निघालो” असे सांगून जाण्याची सोय आली. तेव्हाही राउटर लगेच प्रवाह तोडत नाही. मागे आणखी कोणी आहे का, हे विचारून मगच तोडतो. या तोडण्याला तंत्रज्ञ छाटणी म्हणतात. छाटलेल्या फांदीकडे पुन्हा कोणी मागणी केली, तर तिला परत जोडून घेतात. त्या क्रियेचे नाव आहे कलम. बागेतले दोन्ही शब्द यंत्रांच्या जगात जसेच्या तसे वापरात आहेत.

२००२ मध्ये याच नियमांची पुढची आवृत्ती आली आणि तिने एक गोष्ट बदलली. दुसऱ्याने उत्तर दिले म्हणून आपण गप्प बसायचे, ही मुभा काढून घेतली. आता प्रत्येकाने स्वतःचे उत्तर स्वतः द्यायचे. कोण आहे, कोण नाही, हे त्यामुळे राउटरला नेमके कळते. या बदलाकडे मी थोड्या वेळाने पुन्हा येईन.

समूहाला पाठवलेला मजकूर वाटेत हरवला तर काय? एकप्रेषणात मिळाल्याची पोच प्रत्येक वेळी परत जाते. हजार श्रोत्यांनी प्रत्येक तुकड्याची पोच द्यायची ठरवली, तर पाठवणारा पोचांखालीच दबून जाईल. म्हणून काही पद्धतींत उलटी रीत आहे: मिळाले तर गप्प राहा, न मिळाले तर विचारा. ज्याचा तुकडा हरवला तो क्षणभर थांबतो. तोवर दुसऱ्या कोणी तोच तुकडा मागितला असेल, तर हा मागत नाही. पुन्हा पाठवलेला तुकडा समूहातल्या सगळ्यांनाच मिळतो. वर्गात एका मुलाने धीर करून शंका विचारावी आणि उत्तर साऱ्या वर्गाला मिळावे, तसेच हे आहे. शंका विचारणारे मूल वर्गाचा वेळ घेते असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

या रीतीत न्यायाचाही एक अंश आहे. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात क्षणाक्षणाच्या भावांची माहिती सभासदांच्या संगणकांना पूर्वी एकप्रेषणाने जात असे. प्रती एकामागून एक निघत, त्यामुळे आधी जोडला गेलेला सभासद किंचित पुढे राहू शके. त्या व्यवसायात सेकंदाच्या अगदी लहान अंशालाही किंमत असते. हा वाद सेबीपर्यंत गेला आणि २०१९ मध्ये त्यावर आदेश निघाले. त्याआधीच, २०१४ मध्ये, बाजाराने ही माहिती समूह-प्रेषणाने द्यायला सुरुवात केली होती. एकच प्रत निघते आणि फाट्यावर सर्वांसाठी वाटली जाते, तेव्हा रांगेत पहिला कोण हा प्रश्नच पुष्कळसा मिटतो.

इतकी सोयीची पद्धत सगळीकडे का रुजली नाही, असे कोणी विचारेल. आरंभ मोठ्या उमेदीचा होता. मार्च १९९२ मध्ये सॅन डिएगो येथे भरलेल्या इंटरनेट तंत्रज्ञांच्या बैठकीचा आवाज तीन खंडांतील वीस ठिकाणी या रीतीने ऐकवला गेला. १८ नोव्हेंबर १९९४ रोजी रोलिंग स्टोन्स या प्रख्यात वाद्यवृंदाच्या डॅलस येथील कार्यक्रमाचा काही भाग असाच प्रसारित झाला. त्याच समूहाच्या पत्त्यावर, त्या कार्यक्रमाच्या आधी, कॅलिफोर्नियातील तंत्रज्ञांचा ‘सिव्हिअर टायर डॅमेज’ हा हौशी वृंद आपणहून वाजवून गेला! समूहाच्या पत्त्यावर कोणीही काहीही पाठवू शकतो, हा मूळ योजनेतला मोकळेपणा त्या दिवशी हसण्यावारी गेला. पण त्यातला धोका जाणत्यांना कळला. शिवाय वाटेवरच्या प्रत्येक राउटरला प्रत्येक समूहाची नोंद ठेवावी लागते. हे राउटर निरनिराळ्या कंपन्यांचे. दुसऱ्याच्या श्रोत्यांसाठी आपण प्रती का काढाव्यात, आणि त्याचे पैसे कोणाकडून घ्यावेत, याचे उत्तर मिळाले नाही. म्हणून खुल्या इंटरनेटवर आजही एकप्रेषणच चालते. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना एकाच ॲपवर एका क्षणी ५.९ कोटी प्रेक्षक पाहत होते, आणि प्रत्येकाला स्वतंत्र प्रत जात होती. त्यासाठी ठिकठिकाणी सर्व्हरांचे मोठे साठे उभारावे लागतात.

समूह-प्रेषण टिकले ते जिथे सारे जाळे एकाच्या देखरेखीखाली असते तिथे: शेअर बाजारात, संस्थांच्या आवारात आणि इंटरनेटच्या तारेतून दूरचित्रवाणी देणाऱ्या कंपन्यांच्या जाळ्यांत. यातले शेवटचे उदाहरण आपल्या घरचे आहे. अशा जाळ्यात प्रत्येक वाहिनी म्हणजे एक समूह असतो. तुम्ही वाहिनी बदलता, तेव्हा घरातली पेटी एका समूहातून बाहेर पडते आणि दुसऱ्यात शिरते. ज्या वाहिन्यांना प्रेक्षक भरपूर, त्या वस्तीच्या केंद्रापर्यंत कायमच्या आणून ठेवता येतात. ज्यांना प्रेक्षक थोडे, त्या कोणी मागितल्या तरच तिथवर आणण्याची सोय असते. हैदराबादेसारख्या शहरात मराठी वाहिनी कोणत्या गटात बसेल, हे मी सांगायला नको. परंतु त्या वस्तीतल्या एका घराने जरी ती मागितली, तरी खोडापासून त्या वस्तीपर्यंत प्रवाह येतो, आणि शेजारच्या दुसऱ्या मराठी घरासाठी तो दुरून पुन्हा आणावा लागत नाही.

पालकहो, आपल्या शाळेचे काम याहून फार निराळे नाही. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली आणि मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून गेला. पण इथे स्थिरावलेली मराठी घरे इथेच राहिली. त्यांनी मागणी केली म्हणून ही शाळा निघाली. भोवती तेलुगू, उर्दू, हिंदी आणि इंग्रजी यांचे भरलेले प्रवाह वाहत असताना मराठीची एक फांदी या आवारापर्यंत आली, कारण कोणीतरी “आम्हाला हवी आहे” असे म्हणाले. एके काळी पहिलीच्या दोन तुकड्या भरत. आता एक तुकडी भरेपर्यंत जून उजाडतो. मूल घरी मराठी बोलते, गल्लीत तेलुगू आणि हिंदी बोलते. मग शाळेत मराठी कशाला, असे पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याला उपदेशाने उत्तर देऊ नये, असे मी मानते. वर्गात येऊन बसा, पहिलीचे मूल मराठीतून बेरीज कशी समजून घेते ते पाहा आणि मग ठरवा, एवढेच मी म्हणेन.

इथे जाळ्याची उपमा थांबते, हेही मला सांगितले पाहिजे. राउटर एका उत्तरावर समाधान मानतो. शासनाचा नियम तसा समाधानी नसतो. तो पट मोजतो. आठ मुलांसाठी शिक्षिकेला तोच धडा तितक्याच तयारीने शिकवावा लागतो, जितका अडतीस मुलांसाठी. तरी कागदावर आठ म्हणजे आठच. म्हणून २००२ च्या त्या बदलाची मी आज आठवण देते. आपल्या माजी विद्यार्थ्यांची रीत अजून जुन्या नियमाची आहे. मदत कोणीतरी करीलच, पत्राला कोणीतरी उत्तर देईलच, असे प्रत्येक जण मानतो आणि गप्प राहतो. आपुलकी सगळ्यांनाच आहे, हे आजची गर्दीच सांगते. परंतु ती आपुलकी कोणाची आणि किती जणांची, हे शाळेला कळत नाही, आणि न कळलेली आपुलकी पटावर चढत नाही.

म्हणून माझी मागणी लहान आहे. दर वर्षी जानेवारीत शाळेकडून एक पत्र जाईल. त्याला प्रत्येकाने स्वतः एका ओळीचे उत्तर द्यावे: मी इथे आहे, अमुक काम करतो, महिन्यातला एक शनिवार मुलांना देऊ शकतो किंवा देऊ शकत नाही. आपल्या ओळखीच्या एखाद्या मराठी घरात पाच वर्षांचे मूल असेल, तर त्या घराला पहिलीचा वर्ग पाहायला घेऊन यावे. आणि ज्यांची मुले दुसऱ्या शाळांत आहेत, त्यांच्यासाठी येत्या जूनपासून दर शनिवारी दुपारी मराठी वाचनाचा वर्ग सुरू करण्यास व्यवस्थापनाने संमती दिली आहे. छाटलेल्या फांदीला कलम करता येते, असे मी मघाशी म्हटले, ते या वर्गाकडे बोट दाखवण्यासाठी.

शिकवणाऱ्याला आपला धडा कुठवर गेला, हे बहुधा कळत नाही. आपल्या शाळेतील शिक्षकांनी साठ वर्षे अशाच न पाहिलेल्या श्रोत्यांसाठी शिकवले आणि आपण इतके जण आज येथे आहात. यापुढेही शिकवणारे आहेत. नावनोंदणीची वही सभागृहाच्या दाराशी ठेवली आहे. जाताना प्रत्येकाने स्वतःच्या हाताने आपले नाव लिहावे, ही विनंती करून आपली रजा घेते.